‘आठेच तं जाई राहिनू’: जवळच्या फेरीचं गणित

आमच्या जळगावच्या घरातून गाडी बाहेर काढताना कोणी "कुठे चाललास?" म्हणून हटकलं, की उत्तर ठरलेलं. आई अमळनेरकडची. तिच्या अहिराणीत ते मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि आता स्वतःही म्हणतो: "आठेच तं जाई राहिनू." इथेच तर चाललोय. हे ‘आठे’ मोठं लवचीक आहे. कोपऱ्यावरचा किराणा आठे, दळणाची गिरणी आठे, आणि गिरणेचा पूल ओलांडून बांभोरीला जायचं असलं तरी तेही आठेच. धुळ्याला निघालो तर मात्र ते ‘तठे’. तठे जाताना माणूस आठवणीने हेल्मेट शोधतो, टायर दाबून बघतो, पाण्याची बाटली घेतो. आठे जाताना पायात असेल ती चप्पल आणि अंगात असेल तो शर्ट.

मागच्या हिवाळ्यात असाच आठे निघालो होतो. रविवार होता, रावेरहून सासरची मंडळी आली होती, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजून झाली होती, आणि ऐन वेळी लक्षात आलं की कांद्याची पातच नाही. पातीशिवाय भरीत म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. मंडई घरापासून ८०० मीटर. हेल्मेट दारामागच्या खुंटीला होतं, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा. कॉलनीच्या शेवटच्या वळणावर कुणाचं तरी बांधकाम चालू होतं आणि डंपरमधून सांडलेली वाळू रस्त्यावर पसरली होती. समोरून कुत्रं आलं, मी पुढचा ब्रेक दाबला, चाक वाळूवरून सरकलं आणि मी उजव्या अंगावर आडवा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, वेग विसाच्या आतला. तळहाताची कातडी गेली, गुडघा फुटला, आणि डोकं गटाराच्या सिमेंटच्या काठापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

त्या दिवशी भरीत-पुरी चमच्याने खाल्ली. डाव्या हाताने. खानदेशी माणसावर याहून वाईट वेळ येत नसावी.

लाज वाटायचं कारण वेगळं होतं. मी जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा काढायचा, हे दरवर्षी शे-दीडशे पोरांना फळ्यावर करून दाखवतो. ते गणित मी स्वतःच्या डोक्याला कधी लावलंच नव्हतं. हाताची पट्टी निघेपर्यंत दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून लावून बघितलं.

उभ्या गाडीवरून पडलं तरी

गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी अगदी उभी आहे, सिग्नलला पाय घसरला आणि माणूस कलंडून डोक्यावर पडला असं धरू. दीड मीटरवरून खाली येणारं डोकं जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. यात गाडीच्या वेगाचा काही संबंध नाही, हे सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. म्हणजे "मी काय, हळू चालवतो" या वाक्याला पहिल्याच पायरीवर अर्थ उरत नाही. शून्य वेगानेही डोक्याला विसाचा मार बसतो.

आता गाडीचा वेग. घसरत गेलात आणि पुढे काही आडवं आलं नाही, तर तो वेग रस्त्यावर घासण्यात जिरतो. तो मार कातडीला बसतो, डोक्याला नाही. पण मध्ये दुभाजकाची कड आली, विजेचा खांब आला, उभी ट्रॉली आली, की तो वेगसुद्धा डोक्याच्या वाट्याला येतो. तो किती, हे समजायला वेगाचं उंचीत रूपांतर करून बघावं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दुसऱ्या मजल्यावरून. ६० म्हणजे १४ मीटर, चौथा मजला ओलांडून वर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हे पोरांना पाठ असतं. पण चाळीसने कॉलनीतून जाताना आपण दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसलोय, असं कुणाला वाटत नाही. वाटलं असतं तर कठडा तरी धरला असता.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला सूत्रही लागत नाही. पडलेलं डोकं किती जोराने थांबतं? पडायची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, एवढंच. उघडं डोकं सिमेंटवर आपटलं तर कातडी आणि हाड मिळून जेमतेम ४ मिलिमीटर दबतात असं धरा. दीड मीटर म्हणजे १५०० मिलिमीटर, भागिले ४. उत्तर ३७५. म्हणजे त्या क्षणी डोक्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पावणेचारशे पट जोर येतो. डोकं साडेचार किलोचं धरलं तर हा भार दीड टनाच्या वर जातो. आता हेच डोकं ४ ऐवजी २५ मिलिमीटरमध्ये थांबू द्या. १५०० भागिले २५, उत्तर ६०. पडणं तेच, उंची तीच, माणूस तोच. फक्त थांबायला बोटभर जागा मिळाली.

ती बोटभर जागा म्हणजे हेल्मेट.

आतलं थर्माकोल

हेल्मेट वाचवतं ते वरच्या कडक कवचामुळे, असं बऱ्याच जणांना वाटतं. कवचाचं काम वेगळं: टोकदार वस्तू आत शिरू न देणं, मार एका ठिकाणी न राहता पसरवणं आणि रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरणं. खरा मार खातो तो आतला पांढरा किंवा काळा थर, घट्ट दाबलेलं थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात असतं त्याच जातीचं, पण जास्त दाट. आपटल्यावर त्यातले हवेचे बारीक कप्पे चिरडतात, आणि चिरडता चिरडता ते डोक्याला थांबायला २०-२५ मिलिमीटर देतात. चिरडलेलं थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं.

सासरी केळीच्या बागा असल्यामुळे मला यातली दुसरी गोष्ट आपोआप कळली. रावेर-यावल पट्ट्यात घड ट्रकमध्ये भरताना खाली आणि कडेला केळीचा पाला अंथरतात. घड आपटला तर त्या वेळी काहीच दिसत नाही, साल हिरवीगार असते. माल तिकडे दिल्लीला पोचून पिकायला लागला की साल सोलल्यावर आत काळा डाग निघतो. सासरे म्हणतात, केळीचा मार दोन दिवसांनी बोलतो.

डोक्याचा मारही कधी कधी असाच उशिरा बोलतो. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामधली रक्तवाहिनी फाटली की तिथे हळूहळू रक्त साचतं. माणूस उठतो, कपडे झटकतो, "काही नाही हो, मुका मार आहे" म्हणतो, चहा पितो, घरी जातो. काही तासांनी डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, झापड येते, बोलणं अडखळतं. तोवर साचलेलं रक्त मेंदूला दाबू लागलेलं असतं. म्हणून डोक्यावर पडलेला माणूस चालतो-बोलतोय यावर विसंबू नये. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं एक जरी जाणवलं तरी सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही. जळगाव-धुळ्याला ही सोय हाताशी आहे. रावेरच्या पुढच्या एखाद्या खेड्यातून मात्र जळगाव साठ-सत्तर किलोमीटर पडतं, आणि साचणारं रक्त रस्ता संपायची वाट बघत नाही.

अजून एक प्रकार आहे. मडक्यात छान लागलेलं दही घ्या आणि मडकं झटकन फिरवा. मडकं फिरतं, दही मागे राहतं आणि मधून चिरतं. डोक्याला तिरका मार बसून मान झटक्यात वळली की मेंदूत असंच होतं: बाहेर जखम नाही, हाड मोडलेलं नाही, पण आतले धागे ताणले-तुटलेले. सरळ माराला हेल्मेट जितकं छान पेलतं तितकं या पिळाला पेलत नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. कमी करतं, थांबवत नाही.

मग हेल्मेट नक्की कशासाठी बनवलंय?

जगभरातल्या प्रयोगशाळांत हेल्मेट तपासताना त्यात धातूचं नकली डोकं घालतात आणि साधारण दोन ते तीन मीटर उंचीवरून लोखंडी ऐरणीवर टाकतात. आत बसवलेल्या यंत्रावर किती झटका बसला ते मोजतात. दोन ते तीन मीटर! म्हणजे वेगाच्या भाषेत ताशी २२ ते २८ किलोमीटर.

हा आकडा मी दोनदा तपासला, कारण तो माझ्या सवयीच्या बरोबर उलटा होता. मी हायवेला हेल्मेट घालायचो आणि मंडईला नाही. पण शंभरच्या वेगाने ट्रकच्या मागच्या भागावर आदळलेल्या माणसाला हेल्मेट किती पुरणार? कधी पुरतं, कधी नाही. कॉलनीच्या वळणावर वाळूवरून घसरून सिमेंटच्या काठावर डोकं आपटणं, हा मात्र अगदी हेल्मेटच्या परीक्षेतलाच प्रश्न. ते ज्या पडण्यासाठी घडवलंय, ते पडणं गल्लीतलं आहे. हायवेला घालू नका असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण दोन्हींपैकी एकीकडे हेल्मेट नक्की कामी येईल अशी पैज लावायची असेल, तर मी ८०० मीटरवाल्या फेरीवर लावेन.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी हर्ट (आडनावाचा अर्थच दुखापत, त्याला कोण काय करणार) यांनी १९८१ मध्ये एक अहवाल दिला. त्यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातल्या मोटरसायकलच्या ९०० च्या वर अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता, शिवाय ३,६०० पोलिसी नोंदी चाळल्या होत्या. बहुतेक अपघात छोट्या फेऱ्यांत, म्हणजे खरेदी, कामं, मित्रांकडे जाणं यातच झाले होते, आणि तेही निघाल्यावर थोड्याच वेळात. आदळतानाचा मधला वेग, म्हणजे निम्मे अपघात ज्याच्या खाली आणि निम्मे वर, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता. आणि त्या अपघातग्रस्तांमध्ये स्वखुशीने हेल्मेट घालणं सगळ्यात कमी कधी होतं? छोट्या फेरीला आणि उन्हाच्या दिवशी. चाळीस वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे बसून त्या माणसाने जळगावचा मे महिना लिहून ठेवला होता.

‘घराजवळच अपघात जास्त होतात’ याचा अर्थ मात्र नीट लावायला हवा, नाहीतर तो व्हॉट्सॲपवरचा सुविचार होतो. घराजवळचा रस्ता काही शापित नसतो. आपण गाडी चालवतोच मुळी जास्त करून घराजवळ, म्हणून पडतोही तिथेच. फेरी जवळची असली की धोका कमी असतो, हेही खरं. एका फेरीपुरता तो अगदी नगण्य आहे. गोची होते ती बेरजेत. दिवसाला चार छोट्या फेऱ्या, वर्षाचे ३०० दिवस, ३० वर्षं: या झाल्या ३६,००० फेऱ्या. प्रत्येक दोन किलोमीटरची धरली तर ७२,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरचा आहे. म्हणजे ‘आठे’ जाता जाता माणूस उघड्या डोक्याने पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा घालतो. एवढ्या लांब जायचंय असं आधीच सांगितलं असतं, तर कोण चपलेवर निघालं असतं?

शिवाय गावातला एक किलोमीटर आणि हायवेचा एक किलोमीटर सारखे नसतात. मी माझ्या त्या ८०० मीटरवर नंतर चालत जाऊन मोजलं: गल्ल्यांची नऊ तोंडं, तीन गतिरोधक (रंग फक्त एकावर), एक शाळेचं फाटक, एक पाणीपुरीची गाडी, आणि ऋतुमानाप्रमाणे वाळू, शेण किंवा चिखल. संध्याकाळी यात मागचा दिवा नसलेल्या केळीच्या नाहीतर कपाशीच्या ट्रॉल्यांची भर. त्यात जळगावकराच्या आठेमध्ये जुना सहा नंबरचा महामार्गही येतो, कारण तो शहराच्या मधूनच गेलाय. भाजीला जाताना ट्रकची रांग ओलांडावी लागते. आणि एवढ्या सगळ्यात आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं, कारण रस्ता पाठ असतो. हात-पाय सवयीने गाडी चालवतात, डोकं पातीची जुडी कितीला मिळेल या विचारात.

हेल्मेटच्या वैद्यकीय अभ्यासाचा इतिहाससुद्धा एका छोट्या फेरीपासूनच सुरू होतो म्हणायला हरकत नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटरसायकलवरून जवळच्या लष्करी छावणीतल्या पोस्टात गेले होते. घर तिथून जेमतेम दीड मैल. परतताना सायकलवरची दोन पोरं अचानक समोर दिसली, त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा आणि हेल्मेट यांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो छापून आला, आणि ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. वाळवंटात उंटावरून लढून आलेला माणूस पोस्टातून घरी येताना गेला.

आकड्यांचं एकदाच सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट न घातलेले त्यात ५०,०२९ होते. आता हे सगळे हेल्मेट असतं तर वाचले असते का? नाही, असा निष्कर्ष या आकड्यावरून काढता येत नाही. त्यासाठी घातलेल्या आणि न घातलेल्या अपघातग्रस्तांची तुलना लागते. ती झालेली आहे. २००८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते असं दिसलं. शंभर टक्के नाही. शंभर टक्के तर छत्रीसुद्धा भिजण्यापासून वाचवत नाही. "हेल्मेटने ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: हर्ट यांच्या अभ्यासात हेल्मेट हे अपघाताचं कारण ठरल्याचं आढळलं नाही.

हात, कातडी, पाय

डोक्याचं एवढं झालं, पण माझं डोकं त्या दिवशी वाचलं होतं. गेला होता तळहात.

पडताना माणूस हात पुढे टाकतोच. ठरवून नाही; मेंदू तसा बनलाय. सगळं वजन पंजाच्या बुडावर येतं, मनगटाचं हाड तिथेच मोडतं आणि कातडी तिथेच सोलते. तळहाताची कातडी जाड असते, बोटांच्या घड्यांपाशी ती ताणली जात राहते, आणि जखम बांधून ठेवावी तर दिवसभर कामालाही तोच हात लागतो. मला खडू धरता येत नव्हता, शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. सराफ बाजारात बारीक काम करणाऱ्या कारागिराचं किंवा शेतात निंदणी करणाऱ्या बाईचं असं झालं तर महिनाभर मजुरी बुडाली समजा. कातड्याचा तळवा असलेले साधे हॅण्डग्लोव्हज यातला बराचसा मार स्वतःवर घेतात. हेल्मेटनंतर एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हीच सांगेन.

कपड्यांचं गणितही करून बघितलं. ताशी ४० ने पडून डांबरावर सरळ घसरत गेलात तर थांबेपर्यंत साधारण ९ मीटर जाता आणि दीड सेकंदाच्या थोडा वर वेळ लागतो. रोजच्या वापरातली जीन्स डांबरावर जेमतेम सेकंदभर टिकते, पातळ सुती पँट त्याहून कितीतरी कमी. उरलेला वेळ कातडी घासते. आणि मे महिन्यातलं आपल्याकडचं दुपारचं डांबर हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापलेलं असतं, म्हणजे खरचटण्यावर भाजणं फुकट.

मग जाड जॅकेट घालून मंडईत जायचं? मी नाही जात. खरं तेच सांगतो. जाळीचे, कोपर-खांद्याला पॅड असलेले उन्हाळी जॅकेट मिळतात आणि रोज २० किलोमीटर एमआयडीसीत जाणाऱ्याने ते घ्यावेत. पण ८०० मीटरसाठी मी घालेन असं वचन दिलं तर ते आठवडाभर टिकेल. म्हणून हेल्मेट, ग्लोव्हज, बूट आणि लांब पँट यावर मी थांबलोय.

बूट का, ते सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत बसलेला माणूस सांगू शकेल. गाडी ज्या अंगावर पडते त्या बाजूचा पाय तिच्याखाली जातो, आणि चप्पल त्याच्या आधीच निघून गेलेली असते. माझ्या शेजारी रांगेत बसलेल्या आजोबांची टाच नातवाच्या गाडीच्या मागच्या चाकात गेली होती. मागे बसणाऱ्या बाईचा पदर आणि मुलीची ओढणी यांचं तेच. मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी नियमानेच असावी लागते; पोरं गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पहिल्या आठवड्यात ती काढून माळ्यावर टाकतात.

उन्हाचं काय?

हा खरा आक्षेप आहे आणि तो उडवून लावणाऱ्याने आमच्याकडचा मे काढलेला नाही. ४४-४५ अंशांत डोक्याभोवती थर्माकोल बांधून फिरायचं म्हणजे घाम निथळणारच.

पण एक गंमत बघा. याच मे महिन्यात जळगावात कुठलाही माणूस रुमाल न बांधता बाहेर पडत नाही. कान झाकले पाहिजेत, ऊन बाधेल, हे लहान पोरालाही ठाऊक. आरशासमोर उभं राहून रुमाल कपाळावरून घ्यायचा, कान झाकायचे, नाकावरून फिरवायचा, मागे गाठ मारायची, मग गॉगल. चांगली दोन मिनिटं जातात, आणि तेही आठेच जायला! हेल्मेटला दहा सेकंद लागतात. म्हणजे आळस किंवा घाई हे कारण नाही. ऊन बाधलेला माणूस प्रत्येकाने घरात बघितलेला आहे, म्हणून उन्हाचा धाक आहे. पडायचा तसा धाक नाही, एवढंच.

दोन्ही एकत्र जमतं. पातळ सुती रुमाल किंवा टोपी आत घालायची, ती घाम टिपते आणि धुता येते. गाठ मात्र डोक्याच्या मागे नको, हनुवटीखाली घ्या. मागच्या गाठीवर हेल्मेट तरंगत राहतं आणि पडताना तीच गाठ टोचते. बायकांनी अंबाडा आणि कडक प्लास्टिकचा क्लच यावर हेल्मेट बसवू नये, खाली सैल वेणी बरी. कवच पांढरं किंवा फिकट घेतलं तर कमी तापतं. आणि गाडी उन्हात लावून हेल्मेट आरशावर अडकवून ठेवू नका. आत हात घातला तर तव्यासारखं लागतंच, पण त्याहून वाईट म्हणजे आरशाचं टोक आतल्या थर्माकोलला खळगा पाडतं, आणि तो खळगा नेमका डोक्याच्या जागी असतो.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे, पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. मोडलं तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. किती किलोमीटरच्या फेरीला, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ची मोहीम चालू झाली होती तेव्हा पंपावर एकच हेल्मेट रांगेतल्या सहा डोक्यांवरून फिरताना मी पाहिलंय, त्यामुळे दंडाबद्दल जास्त लिहीत नाही.

घेताना आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा; १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याच्या कडेला कवचाच्या आत नुसता स्पंज चिकटवलेल्या टोप्या मिळतातच. ओळखायला सोपं: आतल्या कापडी गादीच्या मागे अंगठ्याने दाबा. सहज खोल गेलं तर स्पंज, कडक लागलं तर थर्माकोल. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि डोकं जोरात हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं जातील इतकं घट्ट. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या टप्प्यालाच उडून जातं, मग डोकं एकटंच पुढे जातं. पूर्ण तोंड झाकणारं घेतलं तर हनुवटी आणि दातही वाचतात. थिनरने पुसू नका, पेट्रोलच्या फडक्याने तर नाहीच, त्याने काही जातीची कवचं आतून कच्ची होतात.

एवढं सगळं कळल्यावरही पहिल्या आठवड्यात मी दोनदा तसाच निघालो. गणित कळणं आणि हात खुंटीकडे जाणं यात मोठं अंतर असतं. दर वेळी ‘आज घालू की नको’ हा प्रश्न उभा राहिला, की ८०० मीटरच्या फेरीत उत्तर ‘राहू दे’ असंच येतं. म्हणून प्रश्नच काढून टाकला. गाडीची चावी आता भिंतीवरच्या खिळ्याला नसते, हेल्मेटच्या आत ग्लोव्हजवर ठेवलेली असते. चावी हवी तर हेल्मेट हातात घ्यावंच लागतं, आणि हातात आलेलं परत ठेवून जायला जरा वेगळाच निर्लज्जपणा लागतो.

याचा एक परिणाम मी धरला नव्हता. कोपऱ्यावरच्या किराण्याला जायचं तर एवढं सगळं चढवायचा कंटाळा येतो, म्हणून मी चालत जायला लागलोय. परवा दही आणायला असाच पायी निघालो. आईने ओट्यावरून विचारलं, कुठे चाललास. मी उत्तर दिल्यावर तिने आधी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग पायांकडे, आणि म्हणाली, मग येताना कोथिंबीरही आण.